न उच्चारला जाणारा बी: लफेव्र या फ्रेंच आडनावाची पार्श्वभूमी

लफेव्र हे आडनाव फ्रान्समध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या पहिल्या वीस आडनावांत मोडते. लिहिताना त्यात बी हे अक्षर येते आणि बोलताना ते गळते. त्याच उच्चाराचे, पण बी नसलेले लफेव्र हे दुसरे आडनावही तितकेच परिचित आहे, आणि सरकारी याद्यांत ही दोन आडनावे स्वतंत्र मोजली जातात. दोहोंचा अर्थ एकच, लोहार. तरीही ही दोन नावे वेगळी का झाली आणि नकाशावर वेगवेगळ्या ठिकाणी दाट का दिसतात, याचे उत्तर लोहाराच्या भट्टीपेक्षा दस्तलेखकाच्या टाकात अधिक सापडते.

मूळ शब्द लॅटिनमधील फाबेर, म्हणजे कठीण पदार्थ घडवणारा कारागीर. उत्तरेकडील बोलीत त्यातल्या बीचा व्ही झाला आणि आरंभीचा आ ए-कडे झुकला. ओठ या अर्थाचा लेव्र हा शब्द लॅटिन लाब्रापासून याच वाटेने आला आहे. अशा रीतीने तयार झालेला फेव्र हा शब्द मध्ययुगात लोहारासाठी सर्रास वापरला जाई. पुढे फोर्जरों या शब्दाने त्याला बाजूला सारले, घोड्यांना नाल ठोकणाऱ्यासाठी मारेशाल हा शब्द रूढ झाला, आणि फेव्र बोलण्यातून जवळपास नाहीसा झाला. सोनार या अर्थाच्या ऑर्फेव्र या शब्दात तो अजून टिकून आहे. व्यवसायाचा शब्द मेला आणि आडनाव मात्र जगले, त्यामुळे आजच्या फ्रेंच माणसाला हे आडनाव ऐकून लोहार आठवेलच असे नाही.

गावातला बहुसंख्य माणूस शेतकरी असे, आणि 'शेतकरी' म्हणून एखाद्याची ओळख सांगण्यात काही अर्थ नसे. लोहार मात्र बहुधा एकच असे, म्हणून त्याच्या व्यवसायाने त्याला ओळखणे सोपे होते. युरोपातील जवळपास प्रत्येक भाषेत लोहारवाचक आडनावांची संख्या मोठी आहे, ती याच कारणाने. मात्र १२९२ सालच्या पॅरिसच्या कराच्या नोंदवहीसारख्या जुन्या याद्यांत नावापुढे लिहिलेला फेव्र हे त्या माणसाचे आडनाव आहे की केवळ त्याचा धंदा, हे दरवेळी ठरवता येत नाही. वडिलांचे उपनाव मुलाने लावण्याची पद्धत तेराव्या ते पंधराव्या शतकांच्या दरम्यान रुळली, आणि लोहार नसलेला लफेव्र हा प्रकार तेव्हापासूनचा.

या आडनावाच्या इतिहासातील खरा गुंता त्या बीचा आहे. सोळाव्या शतकापर्यंत यू आणि व्ही ही दोन अक्षरे आज आपण मानतो तशी वेगळी नव्हती. एकाच अक्षराची ती दोन वळणे होती. शब्दाच्या आरंभी व्ही लिहावा आणि मध्ये यू, मग उच्चार स्वराचा असो वा व्यंजनाचा, अशी साधारण रीत होती. त्यामुळे फेव्र हा शब्द लिहिताना मध्ये यू येई, आणि तो यू मागील ई या अक्षराला जोडून स्वर म्हणून वाचायचा की सुटा व्यंजन म्हणून, हे केवळ अक्षरांवरून कळत नसे. एका मतानुसार बी आला तो इथे: अशा ठिकाणी यूच्या आधी एक बी घातला की वाचकाला इशारा मिळे, कारण बीच्या पलीकडचा यू मागच्या ईला जोडून घेता येत नाही. कर्तव्य या अर्थाच्या दव्वार आणि फेब्रुवारी या अर्थाच्या फेव्रिये या शब्दांतही त्या काळी असाच बी लिहिला जाई.

याउलट दुसरे मत असे की हा बी म्हणजे निव्वळ विद्वत्तेचे प्रदर्शन होते. चौदाव्या शतकापासून फ्रेंच लेखनात लॅटिनमधील लुप्त अक्षरे परत घुसवण्याची लाट आली होती. बोट या अर्थाच्या द्वा या शब्दात जी आणि काळ या अर्थाच्या तां या शब्दात पी आजही लिहिले जातात ते याच वृत्तीमुळे. दस्तलेखक एकाच माणसाचे नाव लॅटिन दस्तात फाबेर किंवा फाब्री असे लिहीत असे आणि फ्रेंच दस्तात लफेव्र असे. लॅटिन दस्तातला बी त्याच्या डोळ्यांना सवयीचा होता, तो फ्रेंच दस्तात उतरला, एवढेच घडले असे हा पक्ष मानतो.

हा वाद अनेकदा दोहोंपैकी एकच कारण खरे असल्यासारखा मांडला जातो, आणि तो तसा मांडण्याची गरज नाही. बी जर केवळ वाचनाची खूण असता, तर खुणेसाठी कोणतेही मुके अक्षर चालले असते. प्रत्यक्षात जिथे लॅटिनमध्ये बी होता तिथे बी आला आणि स्वीकारणे या अर्थाच्या क्रियापदात, जिथे लॅटिनमध्ये पी होता, तिथे पी आला. म्हणजे अक्षर लॅटिनने पुरवले हे मान्य करावे लागते. परंतु ते अक्षर नेमके यू-व्हीच्या गोंधळाच्या जागी इतके का टिकले, याचे उत्तर लॅटिनप्रेमात मिळत नाही. लॅटिनमुळे बी हाताशी होता, आणि वाचनाच्या अडचणीमुळे तो उपयोगी पडला. दुसऱ्या अर्ध्याला कोशांच्या प्रस्तावनांत कमी जागा मिळते, कारण विद्वानांच्या हौशीची गोष्ट सांगायला अधिक रंजक असते.

पुढे या खुणेचे कामच संपले. यू आणि व्ही वेगळे मानावेत ही सूचना सोळाव्या शतकातच पुढे आली होती, छापखान्यांनी ती हळूहळू उचलली, आणि अधिकृत फ्रेंच कोशाच्या १७६२ सालच्या चौथ्या आवृत्तीत ती दोन अक्षरे वर्णक्रमातही वेगळी झाली. त्याआधी १७४० सालच्या आवृत्तीत सामान्य शब्दांतील कितीतरी मुकी अक्षरे काढून टाकण्यात आली होती. कर्तव्याचा बी गेला, फेब्रुवारीचाही गेला. आडनावे मात्र कोशाच्या अधिकाराबाहेरची असल्याने लोहाराचा बी तसाच राहिला. मधल्या यूचे काय करायचे हे तर प्रत्येक घराण्याच्या बाबतीत वेगळे ठरले. बहुतेकांच्या नावात यूच्या जागी व्ही आला आणि आजचे बीयुक्त लफेव्र तयार झाले. काही घराण्यांच्या कागदांत यू कायम राहिला, नव्या पिढीने तो स्वर म्हणून वाचला, आणि लफेब्यूर हे आडनाव जन्माला आले. ज्या चुकीच्या वाचनापासून वाचवण्यासाठी बी घातला होता, त्याच बीमुळे दुसरे चुकीचे वाचन रूढ झाले. मात्र लफेब्यूर म्हणजे 'भ्रष्ट रूप' असे जे लिहिले जाते ते पटण्यासारखे नाही. कित्येक पिढ्या ज्या उच्चाराने हाक मारली जाते तो उच्चार त्या घराण्यापुरता शुद्धच असतो.

देवनागरीत हा प्रश्न वेगळ्याच रूपात समोर येतो. आपण उच्चार लिहितो, त्यामुळे बी असलेले आणि नसलेले लफेव्र मराठीत सारखेच दिसतात, आणि या नावाच्या फ्रेंच इतिहासकारांविषयी किंवा विचारवंतांविषयी मराठीत वाचताना मूळ लेखन कोणते हे कळत नाही. अक्षरांवरून लिप्यंतर करणारे लेखक 'लेफेबव्रे' असे लिहून मोकळे होतात, जे कोणत्याही फ्रेंच माणसाने कधी उच्चारलेले नाही.

लेखन गोठण्यामागे शासनाचा हात मोठा आहे. १५३९ सालच्या व्हिलेर-कोत्रेच्या राजाज्ञेने दस्त फ्रेंचमध्ये लिहिण्याची आणि चर्चमध्ये बाप्तिस्म्याची नोंद ठेवण्याची सक्ती केली, पण नोंद करणारा धर्मगुरू ऐकू येईल तसे लिहीत असे, आणि सख्ख्या भावांच्या नोंदींत एकाला बी आणि दुसऱ्याला नाही असे सहज घडे. १७९२ साली नोंदणी नगरपालिकांकडे आली. १७९४ सालच्या कायद्याने जन्मनोंदीत असेल त्याखेरीज दुसरे नाव लावण्यास मनाई केली, आणि त्या घटकेला नोंदीत जे लेखन होते ते त्या घराण्याच्या कपाळी कायमचे बसले. १८७१ सालच्या मे महिन्यात पॅरिसचे नगरभवन आणि न्यायभवन जळाले, आणि १८६० पूर्वीच्या नोंदवह्यांच्या दोन्ही प्रती नष्ट झाल्या. लोकांनी घरून आणलेल्या कागदांवरून त्यांपैकी काही भागच पुन्हा उभा करता आला. या अनुभवानंतर १८७७ पासून विवाहाच्या वेळी कुटुंबपुस्तिका देण्याची पद्धत सुरू झाली, आणि आडनाव कसे लिहायचे हे घरोघरी छापील चौकटीत जाऊन बसले.

आजच्या वितरणाचे बहुतेक नकाशे राष्ट्रीय सांख्यिकी संस्थेने केलेल्या जन्मांच्या मोजणीवर आधारलेले आहेत. १८९१ ते १९९० या शंभर वर्षांचे पंचवीस-पंचवीस वर्षांचे चार भाग पाडून प्रत्येक जिल्ह्यात त्या आडनावाने किती जन्म झाले हे त्यात दिलेले असते. आकडे जन्माचे आहेत, वास्तव्याचे नाहीत, हे विसरून अनेकजण त्यांवरून 'आज इतके लफेव्र इथे राहतात' असे सांगतात. शिवाय बाळंतपणे घरातून रुग्णालयात गेल्यावर सीमेवरच्या गावातील मूल शेजारच्या जिल्ह्याच्या खात्यावर जमा होऊ लागले.

तरीही चित्र पुरेसे स्पष्ट आहे. बी असलेले लफेव्र नॉर, पा-द-काले, सॉम आणि सेन-मारितिम या उत्तरेकडील जिल्ह्यांत सर्वांत दाट आहे. कोळशाच्या खाणी आणि रूबे-तूर्क्वँ भागातील कापडगिरण्या यांमुळे एकोणिसाव्या शतकात तिथली वस्ती वाढली, आणि आधीच रुजलेले हे नाव तिच्याबरोबर वाढले. बी नसलेले लफेव्र नॉर्मंडी आणि पिकार्दीत अधिक, आणि रेल्वे आल्यानंतर दोन्ही पॅरिसच्या परिसरात मिसळले. या दुसऱ्या रूपाचीही पुन्हा दोन रूपे याद्यांत दिसतात, ई या अक्षरावर आघातचिन्ह असलेले आणि नसलेले. जुन्या नोंदींत ही चिन्हे क्वचितच दिली जात आणि मोठ्या लिपीत तर ती गाळण्याचीच सवय होती, त्यामुळे हा भेद घराण्यांचा नसून कारकुनांचा आहे.

नॉर्मंडी, पिकार्दी आणि मेन या पट्ट्यात नावापुढचा 'ल' हा उपपद नावाला चिकटून राहिला. पूर्वेला आणि दक्षिणेला तो सहसा नाही. बर्गंडीत नुसते फेव्र, फ्रांश-काँतेत मधे ए आणि आय घालून लिहिलेले फेव्र. पश्चिमेला लुआर-आत्लांतिक आणि ब्रिटनीच्या पूर्वेकडे लफव्र असे रूप आहे, ज्यात ई आणि यू एकत्र येऊन एक वेगळाच स्वर ऐकू येतो. साव्हुआ आणि फ्रेंचभाषी स्वित्झर्लंडमध्ये फाव्र आहे. दक्षिणेतील ऑक्सितां बोलीच्या प्रदेशात बीने निराळे मार्ग धरले. आव्हेरों, तार्न आणि एरो या भागांत तो फाब्र या रूपात टिकला, तर द्रोम, इझेर आणि दोर्दोन्यकडे त्याचा स्वर होऊन फोर झाले. गॅस्कनीत आरंभीच्या एफचा एच होतो, म्हणून तिथे ओर. या दक्षिणी फाब्रमधला बी खराखुरा उच्चारला जातो, आणि उत्तरेतील मुक्या बीशी त्याचा संबंध जोडणारे, म्हणजे लफेव्र दक्षिणेतून वर गेले असे सांगणारे, दोन्ही बोलींचा इतिहास उलटा वाचतात. फ्रेंचेतर बोलींनी तर आपापला लोहार ठेवला आहे: ब्रिटनीत ल गॉफ, आल्सासमध्ये श्मित.

समुद्रापार हे नाव सतराव्या शतकात गेले. क्वेबेकमध्ये वेगवेगळ्या लफेव्र वसाहतकारांची कुळे एकमेकांपासून ओळखू यावीत म्हणून जोडनावे लावली जात, आणि त्यांतले एक जोडनाव बूलांजे, म्हणजे पाववाला, असे होते. लोहाराच्या घरचा पाववाला, आणि त्याचे काही वंशज आज नुसते बूलांजे आहेत. तिथेही बीचा उच्चार करणारी घराणी होती, तसेच उच्चाराप्रमाणे ए-आय घालून लिहिणारीही. धर्मछळामुळे देश सोडलेल्या प्रॉटेस्टंट कुटुंबांपैकी दोन लफेव्र १६७७ सालच्या न्यू पाल्ट्झ या न्यूयॉर्क प्रांतातल्या वसाहतीच्या बारा संस्थापकांत होते, आणि त्यांच्या वंशजांत लफीव्हर असा इंग्रजी वळणाचा उच्चार रूढ झाला. न्यू इंग्लंडमध्ये गेलेल्या काही क्वेबेकवासीयांच्या बाबतीत तर फेव्र ऐवजी फेव्ह, म्हणजे शेंगेतला दाणा, असे ऐकून आडनावाचे भाषांतरच झाले आणि ते बीन म्हणून ओळखले जाऊ लागले.

अलीकडच्या कायद्यांनी आडनावाचा वारसा सैल केला आहे. २००५ पासून मुलाला आईचे किंवा दोघांचे आडनाव लावता येते, आणि जुलै २०२२ पासून सज्ञान व्यक्तीला दुसऱ्या पालकाचे आडनाव कारण न देता घेता येते. परंतु ही सवलत लेखन बदलण्यासाठी नाही. ज्या लफेब्यूरला लफेव्र व्हायचे आहे, किंवा ज्या लफेव्रला बी नकोसा झाला आहे, त्याला पूर्वजाच्या नोंदीत लेखनदोष घडल्याचे कागदोपत्री दाखवावे लागते किंवा वैध कारण देऊन मंत्रालयाकडे जुन्याच पद्धतीने अर्ज करावा लागतो.