कोकम सरबत: लालभडक म्हणजे अस्सल?

"जितकं लालभडक तितकं अस्सल" या समजावर कोकणच्या वाटेवर अजून बाटल्या खपतात. कोकमाची लाली अँथोसायनिन या नैसर्गिक रंगद्रव्याची. उष्णता, उजेड आणि काळ लागला की ती तपकिरी पडणारच. वर्षभर झगझगीत राहिलेल्या बाटलीचं लेबल जरूर वाचा, वरून रंग घातलाय का ते पाहा. पेल्यात चिमूटभर खायचा सोडा टाकून पाहा: नैसर्गिक लाली उडून जांभळट-करडी छटा येते. (तो पेला ओतून द्या, चव जाते.)

घरी करायचं तर एप्रिल-मेमधले पिकलेले रतांबे (कोकमाची फळं) फोडा, बिया काढा, सालीच्या वाट्यांत साखर दाबून भरा, काचेच्या बरणीत काही दिवस उन्हात ठेवा. पाक सुटतो. जिरेपूड, मीठ, एकास चार-पाच पाणी. आमसुलं भिजवून ही चव येत नाही. आमसुलं आमटीला ठेवा.