काळी भुकटी आणि निळी वडी: उंदीर दोन्हींनी मरतो, घुबड कशाने?

इंदापूर-बारामतीच्या उसात, शिरूरच्या गव्हात, मावळातल्या भातखाचरांच्या बांधावर उंदीर वाढले की दुकानातून जे आणलं जातं त्याला एकच नाव: उंदराचं औषध. या एका नावाखाली दोन वेगळी विषं मिळतात, झिंक फॉस्फाइड आणि ब्रोमॅडिओलोन. त्यात दोन्हींच्या आमिषाची कृतीही हुबेहूब सारखी. ९६० ग्रॅम ज्वारी-गव्हाचा भरडा, २० ग्रॅम गोडेतेल, २० ग्रॅम औषध. त्यामुळे एकाची सवय दुसऱ्याला लागू केली जाते आणि त्याची किंमत बांधावरचे पक्षी-प्राणी मोजतात.

कृती सारखी असली तरी त्या २० ग्रॅममध्ये काय आहे ते बघा. झिंक फॉस्फाइडची करडी-काळी भुकटी ८० टक्क्यांची असते, म्हणजे एका किलो आमिषात १६ ग्रॅम विष. ब्रोमॅडिओलोनची भुकटी ०.२५ टक्क्यांची, म्हणजे किलोत जेमतेम ५० मिलिग्रॅम. निळ्या-हिरव्या तयार वड्यांमध्येही प्रमाण तेच, ०.००५ टक्के. एवढंसं विष म्हणजे सौम्य, असं वाटणं साहजिक आहे. पण पाकिटावरच्या त्रिकोणाचा लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा रंग औषध थेट पोटात किंवा कातडीवाटे अंगात गेलं तर किती घातक, एवढंच सांगतो. मेलेला उंदीर खाणाऱ्या घुबडाचं काय होईल हे त्या रंगावरून कळत नाही.

झिंक फॉस्फाइड पोटातल्या आम्लाला भिडलं की फॉस्फीन वायू सुटतो आणि उंदीर काही तासांत, बहुतेक त्याच रात्री मरतो. हा वायू मांसात साठून राहत नाही. म्हणून शिकारी पक्ष्यांना मेलेल्या उंदरापासून होणारा धोका तुलनेने कमी. मात्र पोटात न पचलेलं आमिष शिल्लक असेल आणि कुत्र्याने, मांजराने किंवा कोल्ह्याने तो अख्खा खाल्ला, तर तोही दगावू शकतो. खरा धोका आमिषाच्या दाण्यातच आहे. होला, पारवा, तित्तिर, लावा, मोर हे सगळे दाणे टिपणारे पक्षी. मोरांसाठी ओळखलं जाणारं मोराची चिंचोली हे गाव पुणे जिल्ह्यातच, शिरूर तालुक्यात आहे. त्या पट्ट्यात बांधावर उघडं पडलेलं मूठभर आमिष म्हणजे सरळ मोरापुढे टाकलेलं विष.

ब्रोमॅडिओलोनचं काम संथ चालतं. रक्त गोठायला जे घटक लागतात ते तयार करण्यासाठी शरीर व्हिटॅमिन के पुन्हा पुन्हा वापरतं. हे औषध तेच चक्र बंद पाडतं. शरीरातला आधीचा साठा काही दिवस पुरतो, मग आतल्या आत रक्तस्राव सुरू होतो. त्यामुळे उंदीर साधारण चार ते सात दिवसांनी मरतो, आणि सगळी गोम या मधल्या दिवसांत आहे. आपल्याला काही झालंय हे त्याला कळत नाही, म्हणून तो रोज आमिष खात राहतो आणि मरायला लागतं त्याहून किती तरी जास्त विष अंगात घेऊन फिरतो. शेवटी सुस्तावतो, दिवसाढवळ्या उघड्यावर येतो, पळता येत नाही. गव्हाणी घुबड, पिंगळा, कापशी घार, धामण, रानमांजर यांना याहून सोपी शिकार कुठली मिळणार? गव्हाणी घुबड उंदीर अख्खा गिळतं, यकृतासकट, आणि विष साठतं ते यकृतातच, कित्येक महिने. एका उंदराने नाही मेलं तरी असे अनेक खाल्ले तर मरू शकतं.

म्हणून झिंक फॉस्फाइड वापरताना दाणा राखावा लागतो, ब्रोमॅडिओलोन वापरताना उंदीर.

औषध कुठलंही असो, आधी चालू बिळं शोधायची. संध्याकाळी बांधावरचं प्रत्येक बीळ मातीने बुजवायचं. सकाळी जी उकरलेली दिसतील तीच चालू. ६० बुजवली आणि २५ उघडली, तर आमिष २५ बिळांपुरतंच करायचं. झिंक फॉस्फाइडला बिळामागे १० ग्रॅम, म्हणजे २५० ग्रॅम; ब्रोमॅडिओलोनला १५ ग्रॅम, म्हणजे ३७५ ग्रॅम. मोजल्याशिवाय किलोभर कालवलं की उरलेलं कुठे तरी बांधावरच टाकलं जातं, आणि बहुतेक पक्षी तिथेच मरतात.

झिंक फॉस्फाइडचं आमिष ठेवण्याआधी उंदराला दाण्याची सवय लावावी लागते. नुसता भरडा आणि तेल, बिळामागे २० ग्रॅम, दोन दिवस. ही पायरी गाळली की उंदीर विषारी दाणा जरासा कुरतडून बघतो. उंदराला उलटी होत नाही; पोट बिघडतं, पण तो वाचतो, आणि पुन्हा त्या चवीला शिवत नाही. मग औषध नकली निघालं अशी समजूत होऊन दुप्पट आमिष उघड्यावर टाकलं जातं. चूक भुकटीची नसते, गाळलेल्या दोन दिवसांची असते. त्याच हंगामात हे औषध पुन्हा वापरू नये. काही बिळं तरीही चालू राहिली तर आधी सापळे लावावेत, आणि अगदीच गरज पडली तर तेवढ्याच बिळांत ब्रोमॅडिओलोन.

कालवताना पाणी किंवा ओलं पीठ अजिबात नको, ओलाव्यानेही फॉस्फीन सुटू शकतो. उघड्या हवेत, हातमोजे आणि मास्क घालून, काठीने कालवायचं. कागदाची पुडी करून लांब दांड्याच्या चमच्याने बिळात वीतभर आत सारायची आणि तोंड मातीने बंद करायचं. या विषाला उतारा नाही. माणसाच्या पोटात गेलं तर पाकीट घेऊन थेट मोठं रुग्णालय गाठायचं. दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताच, घारी-कावळे उतरायच्या आत, मेलेले उंदीर आणि सांडलेला दाणा गोळा करून दीड-दोन फूट खोल पुरायचा, विहीर आणि पाटापासून लांब.

ब्रोमॅडिओलोनला सवय लावायची गरज नाही, पण राखण लांबते. तिसऱ्या दिवसापासून निदान दहाव्या दिवसापर्यंत सकाळ-संध्याकाळ बांध, पाट आणि पाण्याच्या जागा फिरून मेलेले आणि रेंगाळणारे उंदीर उचलायचे. एवढी फेरी होणार नसेल तर शेतात हे औषध वापरूच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. विशेषतः ऑक्टोबर ते मार्च, कारण या काळात इंदापूर-भिगवणच्या माळांवर थंडीतले पाहुणे शिकारी पक्षीही उतरलेले असतात. गोदामात किंवा गोठ्यात वड्या ठेवायच्या तर तीन इंची पाइपच्या दीड फुटी तुकड्यात, मधोमध तारेने ओवून. म्हणजे उंदीर वडी ओढून बाहेर नेणार नाही. महिनोन्‌महिने तशीच पडलेली वडी मात्र घुबडाला रोजचं थोडं थोडं विष पुरवत राहते. उंदीर थांबले की ती काढून घ्यायची.

नावाच्या सारखेपणामुळे अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्याही काही जण बिळात टाकतात. ते वेगळं प्रकरण आहे, खुल्या वापरावर बंधनं आहेत, आणि त्यातून सुटणारा वायू बिळातली धामणसुद्धा मारतो.

पक्षी सापडला तर विष कुठलं याचा अंदाज बांधता येतो. आमिषाजवळ मेलेले होले, गळ्याच्या पिशवीत काळपट दाणे: झिंक फॉस्फाइड. जखम नसलेलं, पंख पाडून बसलेलं घुबड, चोचीचा आतला भाग पांढरट, पंखांखाली निळे डाग: ब्रोमॅडिओलोनचा संशय धरावा. या दुसऱ्या विषाला उतारा आहे, व्हिटॅमिन के१, पण तो कित्येक आठवडे द्यावा लागतो. के३ चालत नाही. घुबड जाड कापडात अलगद उचलून भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात ठेवायचं. हाताळणी कमीत कमी, कारण साध्या दाबानेही आत रक्तस्राव होतो. चोचीत पाणी ओतायचं नाही, मांस भरवायचं नाही. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करायचा आणि औषधाचं रिकामं पाकीट खोक्यासोबत द्यायचं.