थिजणारं डिझेल आणि लडाखचा हिवाळा

जानेवारीत लेहमध्ये रात्रीचा पारा उणे पंधरा अंशांपर्यंत सहज उतरतो आणि द्रासला त्याच्याही खाली जातो. अशा रात्रीनंतर सकाळी डिझेलची गाडी सेल्फ मारून मारून सुरू होत नसेल, तर दर वेळी इंजिनातच बिघाड असतो असं नाही. अनेकदा टाकीतलं डिझेलच थिजलेलं असतं.

डिझेल हे अनेक हायड्रोकार्बन्सचं मिश्रण आहे. त्यातल्या लांब, सरळ साखळीच्या रेणूंना पॅराफिन म्हणतात. हे रेणू चटकन पेट घेतात, म्हणून इंजिनाला ते हवेसेच असतात. पण थंडीत सगळ्यांत आधी तेच एकमेकांना चिकटतात आणि त्यांचे मेणाचे पातळ, चपटे स्फटिक बनतात. हिवाळ्यात बाटलीतलं खोबरेल तेल आधी गढूळ होतं आणि मग घट्ट बसतं, तसंच हे. मात्र गाडी अडायला सगळं डिझेल घट्ट व्हावं लागत नाही. फिल्टरची छिद्रं काही मायक्रॉनचीच (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतात. त्यांच्यावर मेणाचा थर बसला की टाकीत पातळ डिझेल असूनही इंजिन उपाशी राहतं. म्हणूनच काही गाड्या सुरू होतात, चार-दोन मिनिटं चालतात आणि रस्त्यातच बंद पडतात.

यावरचा जुना उपाय म्हणजे टाकीखाली शेगडी पेटवणं किंवा डिझेलमध्ये रॉकेल मिसळणं. पहिल्यातला धोका सांगायला नको. रॉकेलने मेण उशिरा धरतं हे खरं, पण डिझेल हेच इंधनपंपाचं वंगणही असतं आणि रॉकेलमध्ये तो गुण कमी. आजच्या कॉमन रेल इंजिनांच्या, म्हणजे एका सामायिक नळीतून सगळ्या सिलिंडरना डिझेल पुरवणाऱ्या इंजिनांच्या, उच्च दाबाच्या पंपाला ते मानवत नाही.

२०१९ च्या नोव्हेंबरात इंडियन ऑइलने लडाखसाठी खास हिवाळी डिझेल आणलं. ते उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहतं. अशा इंधनात वापरली जाणारी रसायनं मला फार हुशार वाटतात. ती मेण बनणं थांबवत नाहीत, फक्त स्फटिकाचा आकार बदलतात. मोठ्या पापुद्र्यांऐवजी बारीक कण तयार होतात, त्यांचा थर सच्छिद्र राहतो आणि त्यातून डिझेल झिरपत जातं. बाजारात मिळणारं असं रसायनही टाकीत ओतायचं ते डिझेल गढूळ होण्याआधीच. एकदा मेण धरल्यावर त्याचा फारसा उपयोग नाही.

पुण्या-मुंबईहून गाडी घेऊन हिमालयात जाणाऱ्यांनी हे नीट लक्षात घ्यायला हवं. २०२० मध्ये अटल बोगदा खुला झाल्यापासून ऐन हिवाळ्यात हिमाचलमधल्या लाहौलला जाणंही सोपं झालं आहे. खालच्या पंपावर टाकी फुल्ल करून वर मुक्काम ठोकू नका. टाकी अर्ध्याहून खाली आणा आणि थंड भागात हिवाळी डिझेल मिळत असेल तर तेच भरा.

दुसरी काळजी रेडिएटरची. आपल्याकडे कूलंट कमी झालं की नळाचं पाणी ओतून वेळ भागवतात. महाराष्ट्रात ते खपूनही जातं. पण गोठताना पाणी सुमारे ९ टक्के प्रसरण पावतं आणि तेवढ्यानं इंजिन ब्लॉकला तडा जाऊ शकतो. मग नुसतं कूलंटच भरलं तर? कूलंटमधला मुख्य घटक असलेलं शुद्ध इथिलीन ग्लायकॉल उणे १३ अंशांच्या आसपासच गोठतं. तेच अर्धं पाणी, अर्धं ग्लायकॉल असं मिश्रण मात्र उणे ३७ पर्यंत टिकतं, कारण दोन्ही रेणू एकमेकांना स्फटिक बांधू देत नाहीत. तेव्हा प्रमाण अर्ध-अर्धंच ठेवा आणि निघण्यापूर्वी गॅरेजमध्ये तपासून घ्या.

बॅटरीवर थंडीचा मार दुहेरी बसतो. उणे १८ अंशांत तिची ताकद जवळपास निम्मी होते आणि नेमकं तेव्हाच ऑइल घट्ट झाल्याने इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो. उतरलेल्या बॅटरीतलं आम्ल इतकं पातळ झालेलं असतं की ते उणे दहाच्या आसपासही गोठू शकतं. पूर्ण चार्ज बॅटरीला ती भीती जवळपास नाही. ऑइलच्या डब्यावर १५डब्ल्यू-४० अशी श्रेणी लिहिलेली असते. त्यातला डब्ल्यूच्या (विंटर, म्हणजे हिवाळा) आधीचा आकडा जितका लहान, तितकं ते थंडीत पातळ राहतं. कंपनीच्या पुस्तिकेत चालत असेल तर १५ ऐवजी ५ किंवा ० घ्या.

टायरमधला दाब दर पाच-सहा अंशांच्या घसरणीला साधारण १ पीएसआयने उतरतो, म्हणून हवा वर पोचल्यावर, टायर गार असताना तपासा. रात्री गाडी सपाटीवर, गिअरमध्ये उभी करा आणि चाकांना दगड लावा. हँडब्रेक ओढू नका. ओले ब्रेक शू ड्रमला गोठून चिकटतात आणि सकाळी इंजिन सुरू झालं तरी चाक हलत नाही.