ज्वालारोधक प्रदूषके व वाढत्या चेतापेशी

फोम, टीव्हीचे कवच, वायरचे आवरण लवकर पेटू नये म्हणून त्यांत घातलेली आणि पुढे धुळीत, अन्नात व शरीरात उतरणारी रसायने. पॉलिब्रोमिनेटेड डायफिनाइल ईथर (पीबीडीई) हा त्यांतला सर्वाधिक अभ्यासलेला गट. त्यात २०९ संयुगे येतात.

पीबीडीई प्लॅस्टिकशी रासायनिक बंधाने जोडलेले नसते, नुसते मिसळलेले असते. म्हणून ते सुटते, आणि उन्हाळ्यात जास्त सुटते. भुसावळ-जळगावचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या घरात असतो. फोमच्या फाटक्या गादीचा भुगा आणि जुन्या टीव्हीतून सुटलेले कण फरशीवरच्या धुळीत बसतात. रांगणारे मूल त्याच फरशीवर हात टेकवते आणि तोंडात घालते. पिंजलेल्या साध्या कापसाच्या गादीत ही भानगड नाही, आणि खानदेशात कापसाला तोटा नाही.

पीबीडीईने वाढत्या मेंदूला इजा होते ती मुख्यतः थायरॉक्सिन या थायरॉइड ग्रंथीच्या संप्रेरकाच्या वाटेने. गर्भ पहिले काही महिने आईच्याच थायरॉक्सिनवर असतो. त्याच्याच जोरावर कोवळ्या चेतापेशी आपापल्या थरात पोहोचतात व त्यांच्या तंतूंवर मायलिनचे वेष्टन चढते. पीबीडीईचा सांगाडा थायरॉक्सिनसारखाच दोन वलयांचा. आयोडीनच्या जागी ब्रोमीन. शरीरात त्याला हायड्रॉक्सिल गट जोडला गेला की ते ट्रान्सथायरेटिन या वाहक प्रथिनावरची थायरॉक्सिनची जागा अडवते. शिवाय पेशीतल्या कॅल्शियमचा तोल बिघडतो आणि पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकांवर (मायटोकॉन्ड्रिया) ऑक्सिडीकरणाचा ताण येतो.

वेळ फार महत्त्वाची. उंदराच्या पिलांना बीडीई-९९ हे पीबीडीई गटातले एक संयुग जन्मानंतर ३ऱ्या किंवा १०व्या दिवशी दिले तेव्हा मोठेपणी त्यांचे वर्तन बिघडलेले दिसले. १९व्या दिवशी दिले तेव्हा तसे झाले नाही. माणसांवरील अभ्यासांच्या २०१७ च्या एकत्रित विश्लेषणात आईतील पीबीडीईचे प्रमाण दहापट असेल तर मुलाचा बुद्ध्यंक सुमारे ३.७ गुणांनी कमी आढळला. ही रसायने दुधातही उतरतात, तरी स्तनपान बंद करू नये; त्याचे फायदे कितीतरी मोठे आहेत. घरात कोरडा झाडू मारण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावे आणि जेवणाआधी मुलांचे हात साबणाने धुवावेत.

चिवट, घातक रसायने रोखणाऱ्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम कराराच्या यादीत या गटातील काही संयुगे २००९ मध्ये आणि याच गटातले डेकाबीडीई २०१७ मध्ये आले. जुना माल मात्र आजही भंगारात येतो. तांब्यासाठी वायर जाळली की ब्रोमीनयुक्त डायॉक्सिने ही अतिविषारी संयुगे तयार होतात. वायर सोलूनच काढावी. जळगावात जुन्या प्लॅस्टिकचा दाणा करून चटया विणतात. त्या दाण्यात टीव्ही-संगणकाचे काळे कवच जाता कामा नये. चुरा आधी साध्या पाण्यात टाकावा: पॉलिप्रॉपिलीन तरंगते, कवचाचे एबीएस व एचआयपीएस हे टणक प्लॅस्टिक बुडते. बुडालेला चुरा लिटरमागे सुमारे १५० ग्रॅम मीठ विरघळवलेल्या पाण्यात टाकावा. ब्रोमीनवाला तुकडा जड, तो तळाला बसतो. साधा वर येतो. पीव्हीसी आणि काचतंतू घातलेले प्लॅस्टिकही तळाला जाते, म्हणून तळाचा सगळाच माल दाण्यापासून वेगळा ठेवावा. बुडबुडा चिकटला की जड तुकडाही तरंगतो, तेव्हा चुरा आधी भिजवून नीट ढवळावा.