प्रतिकृती-अभ्यास (तैलचित्रण)

मुरलेल्या चित्रकाराचे चित्र समोर ठेवून, ते जसेच्या तसे रंगवत तैलरंगाचे तंत्र अंगी बाणवण्याची युरोपातील जुनी पद्धत. फ्रान्सने १६६६ मध्ये रोम येथे स्थापलेल्या अकादमीत शिष्यवृत्तीवर गेलेल्या चित्रकारांना जुन्या चित्रांच्या प्रती कराव्याच लागत. पॅरिसचे लूव्र संग्रहालय १७९३ मध्ये लोकांसाठी खुले झाले, तेव्हापासून तेथे परवाना घेऊन दालनातच इझल मांडता येते. मात्र प्रत मूळ चित्राच्या आकाराची करायची नाही आणि मूळ चित्रकाराची सही उतरवायची नाही.

या अभ्यासात सर्वांत कस लागतो तो नव-अभिजाततावादी (प्राचीन ग्रीक-रोमन कलेचा आदर्श ठेवणाऱ्या) इतिहासचित्रांतील गर्दीत. फ्रेंच चित्रकार झाक लूई दाव्हीदचे ‘सबाइन स्त्रियांची मध्यस्थी’ (१७९९, लूव्र) हे त्याचे उत्तम उदाहरण. डावीकडे रोमच्या शेजारच्या सबाइन लोकांचा राजा टेशियस, उजवीकडे भाला रोखलेला रोमचा राजा रोम्युलस, मधे दोन्ही हात पसरून उभी रोम्युलसची सबाइन पत्नी हर्सिलिया. पायांशी तान्ही मुले, मागे भाल्यांचे रान. मूळ चित्र ३८५ × ५२२ सेंमी. आहे. एक-पंचमांश मापाने ७७ सेंमी. उंचीचा कॅनव्हास घेतला, तर पुरुषभर उंचीची आकृती जेमतेम दीड वितीची होते आणि मागच्या रांगेतले चेहरे नखाएवढे. प्रतीवर १० सेंमी.चे चौकोन आखले, की प्रत्येकात मूळ चित्राचा ५० सेंमी. भाग बसतो.

नवशिका हटकून चेहऱ्यांपासून सुरुवात करतो आणि तिथेच फसतो. डोळे किलकिले करून पाहिले, की माणसे विरघळतात आणि उरतात ते उजेड-अंधाराचे चार-पाच गठ्ठे : हर्सिलियाच्या वस्त्राचा पांढरा, दोन योद्ध्यांच्या उघड्या अंगांचे, खाली मुलाबाळांचा आणि मागची धूसर फौज. आधी हे गठ्ठे भुऱ्या रंगाच्या पातळ थरात मांडायचे. ते जागच्या जागी बसले नाहीत, तर पुढे बोटे कितीही सुबक काढली तरी चित्र विस्कटलेलेच दिसते.

पहिला थर टर्पेंटाइनने पातळ केलेला असतो. वरच्या थरांत जवसाच्या तेलाचे प्रमाण वाढवत न्यायचे. क्रम उलटला, तर वरचा थर आधी वाळून आक्रसतो आणि खालचा ओला थर हलला की त्याला तडे जातात. सावल्या पातळच ठेवतात, जाड रंग उजेडाच्या जागी लागतो. हर्सिलियाचे वस्त्र ट्यूबमधल्या निव्वळ पांढऱ्याने रंगवले, तर खडू फासल्यासारखे दिसते. त्या पांढऱ्यात बराचसा राखाडी असतो, खरा पांढरा चुण्यांच्या कडांपुरता.

महाराष्ट्रात तैलरंगातील मोठे प्रतिकृतिकार्य झाले ते निराळ्या हेतूने. जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांनी १८७२ ते १८८५ या काळात अजिंठ्याची भित्तिचित्रे कॅनव्हासवर उतरवली. हेतू नोंद ठेवण्याचा. पण तिथल्या दरबारी गर्दीने या मुलांचा हात किती घडवला असेल, हे वेगळे सांगायला नको. त्यांतल्या बऱ्याच प्रती १८८५ मध्ये लंडनला आगीत जळाल्या.

खुद्द दाव्हीदलाही स्वतःच्या चित्राची प्रत करावी लागली. नेपोलियनच्या राज्याभिषेकाच्या प्रचंड चित्राची दुसरी आवृत्ती त्याने १८०८ मध्ये हाती घेतली आणि शिष्य झॉर्झ रूझे याच्या मदतीने १८२२ मध्ये, ब्रुसेल्सला हद्दपारीत असताना पुरी केली. ती आता व्हर्सायला आहे. तीत नेपोलियनच्या एका बहिणीचा झगा गुलाबी आहे. मूळ चित्रात तो पांढरा होता.