गाठ फोडून बघा

पलूसच्या काळ्या रानात सोयाबीन चाळीस दिवसांचं झालं, की मी एक झाड काढून बघतो. ओढून नाही, ओढलं की मुळांवरच्या गाठी मातीतच राहतात. खुरप्यानं भोवतीची माती सैल करायची, मुळं बादलीत हलकेच खळखळायची आणि एक टपोरी गाठ नखानं फोडायची. आत लालसर गुलाबी निघाली, तर हवेतलं नत्र धरायचं काम सुरू आहे. पांढरी किंवा हिरवट निघाली, तर तिथं नत्र धरलं जात नाही.

हा रंग लेगहिमोग्लोबिनचा, म्हणजे आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या भावकीतला. गाठीत राहणाऱ्या रायझोबियम या जिवाणूची पंचाईत अशी, की नत्र पकडणारं त्याचं विकर (एन्झाइम) प्राणवायू लागला की बिघडतं. पण प्राणवायूशिवाय त्याला जगताही येत नाही. हे लाल द्रव्य प्राणवायू धरून ठेवतं आणि लागेल तेवढाच सोडतं.

हवेत 78 टक्के नत्र आहे, पण त्याचे दोन अणू तिहेरी बंधानं घट्ट जखडलेले. तो बंध तोडायला खत कारखान्यात 400 ते 500 अंश तापमान आणि प्रचंड दाब लागतो. जिवाणू तेच काम साध्या मातीत करतो. अर्थात फुकट नाही. झाड त्याला साखर पुरवतं. म्हणून भरमसाट युरिया टाकला की गाठी कमी होतात. आयतं मिळतंय म्हटल्यावर पाहुण्याला कोण जेवू घालेल?

बियाण्याला 10 किलोमागे या जिवाणूंचं 250 ग्रॅमचं पाकीट, गुळाच्या थंड पाण्यात कालवून चोळायचं, सावलीत सुकवून लगेच पेरायचं. बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी, जिवाणू शेवटी. हरभऱ्याचं पाकीट सोयाबीनला चालत नाही, दोघांचे जिवाणू वेगळे. आणि पाकिटात जीव आहे, हे विसरायचं नाही. एका वर्षी मी आणलेली पाकिटं दुकानात पत्र्याखाली तापत पडली होती. तारीख शिल्लक होती, जिवाणू नव्हते. चाळीस दिवसांनी मुळं जवळजवळ कोरी! तेही त्या तुकड्यात पहिल्यांदाच सोयाबीन होतं, त्यामुळे मातीत आधीचे जिवाणूही नव्हते. जुन्या सोयाबीनच्या रानात ते बरेचदा तळ ठोकून असतात, मग पाकिटाचा फरक कमी दिसतो.

कोरेगावचा वाघ्या घेवडा कडधान्य असूनही या कामात आळशी. घेवड्याची जातच मुळी नत्र कमी धरणारी, त्यामुळे नुसत्या जिवाणूंच्या भरवशावर त्याला सोडू नये.

उसाची गोष्ट निराळी. 1988 मध्ये ब्राझीलमध्ये उसातून ॲसेटोबॅक्टर हा नत्र धरणारा जिवाणू वेगळा काढला गेला. तो गाठी करत नाही, उसाच्या दोन पेशींच्या मधल्या जागेतल्या गोड रसात राहतो. आपल्याकडे लागणीआधी बेणं त्याच्या द्रावणात अर्धा तास बुडवतात. पण इथं नखानं फोडून बघायला काही नाही. म्हणून चार सऱ्या न बुडवलेल्या बेण्याच्या ठेवायच्या, खत सगळीकडे सारखंच द्यायचं आणि तोडणीला दोन्हींचं वजन वेगवेगळं करायचं.