वाट देवाची की तारखेची?

बेळगाव-खानापूरकडच्या ख्रिस्ती घरांतल्या कॅलेंडरांवर बायबलमधलं यिर्मया २९:११ हमखास सापडतं. हिताच्या संकल्पांचं वचन, सगळ्यांना पाठ. त्याच्या आधीचं दहावं वचन मात्र कुणी छापत नाही, कारण त्यात बाबेलच्या बंदिवासाची ७० वर्षं आहेत. ही वचनं यिर्मया संदेष्ट्याने बंदिवानांना लिहिलेल्या पत्रातली, आणि ते पत्र हातात पडलेल्या बऱ्याच मोठ्या माणसांना परतीचा दिवस दिसणारच नव्हता.

वाट पाहणं म्हणजे हातावर हात ठेवून बसणं नव्हे, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून त्यावर फार लिहीत नाही. याकोब ५:७ मधला शेतकरी पावसाची वाट पाहतो. आपल्याकडे धूळवाफ पेरणी करणारा भात कोरड्या मातीत टाकून मोकळा होतो आणि मग आभाळाकडे बघतो. बी घरातच ठेवून आभाळाकडे बघणाऱ्याला आपण काय म्हणतो ते सांगायला नको.

खरा घोळ पुढे आहे. देवाची वाट पाहणं वेगळं, आणि मनातली गोष्ट मनातल्या तारखेला मिळण्याची वाट पाहणं वेगळं. वरून दोन्ही सारखीच दिसतात: तीच प्रार्थना, तोच उपास, तेच पाणावलेले डोळे.

इस्राएलचा पहिला राजा शौल अधीर होता असं सरसकट सांगितलं जातं. १ शमुवेल १३ नीट वाचा. शमुवेल संदेष्ट्याने सांगितलेले ७ दिवस तो गिलगालात थांबला होता. शमुवेल आला नाही, लोक पांगू लागले, शत्रू पलिष्टी मिखमाशात जमले. तेव्हा शमुवेलाने येऊन करायचा होमबली शौलाने स्वतःच अर्पण केला. अर्पण उरकतं न उरकतं तोच शमुवेल दारात. शौलाने दिलेली तिन्ही कारणं खरी होती. पण मुदत सरली तसं त्याचं थांबणंही सरलं, कारण तो मुदतीवर टेकला होता.

दाविदाकडे तर राजपदाचं वचन होतं आणि संधीही होती. एन-गेदीच्या गुहेत त्याच्या जिवावर उठलेला शौल हाती सापडला, पुढे जीफच्या रानात पुन्हा. हाच तो दिवस, असं सोबत्यांनी गुहेत सांगितलंही. त्याने झग्याचा काठ तेवढा कापला, आणि तेही मनाला लागलं. मधल्या काळात तो रिकामा नव्हता. कईलाची खळी लुटली जात होती, तेव्हा त्याने देवाला दोनदा विचारलं, मगच जाऊन गाव सोडवलं. ३० व्या वर्षी हेब्रोनात राजा झाला तो फक्त यहूदाचा. सगळं इस्राएल हाती यायला आणखी साडेसात वर्षं गेली.

आपली वाट कुठली हे ओळखायचं तर तारीख उलटल्यावर काय होतं ते बघा. रविवारची उपासना बुडू लागली, पाळकांवर राग निघू लागला, कुठे लवकर उत्तर मिळतं याची चौकशी सुरू झाली, तर वाट तारखेची होती. प्रार्थनेत नुसतं ‘दे’ आहे, की ‘आज काय करू’ हेही विचारता? पौलाने शरीरातला काटा, म्हणजे त्याचा त्रास, दूर व्हावा म्हणून तीनदा विनवलं. काटा राहिला, कृपा मिळाली. हे उत्तर तुमच्या हिशेबात बसतं का?

मागणं जरूर मागा, तारीख खोडा, आणि त्या आठवड्याचं काम शेजारी लिहा. नोकरी हवी तर अर्ज भरा. टीबीचा ६ महिन्यांचा कोर्स असेल तर गोळी चुकवू नका. ‘देवावर सोड’ म्हणून कोर्स मध्येच बंद करायला लावणाऱ्याचं अजिबात ऐकू नका.

पत्रकं वाटून २१ दिवसांचे उपास ठेवले जातात, त्या उपासाला विरोध नाही. विरोध आहे तो पत्रकावर निकालाचा दिवस छापायला. यिर्मया २८ मध्ये खोटा संदेष्टा हनन्या यानेही बंदिवानांच्या परतीसाठी २ वर्षांची मुदत जाहीर केली होती. तो त्याच वर्षी मेला. यिर्मयाने बंदिवानांना घरं बांधा, मळे लावा, मुलांची लग्नं करा असं लिहिलं, आणि आयुष्यं त्यावरच निघाली.

आणखी एक खटकतं. ‘किती दिवस, देवा?’ असं कुणी रडून विचारलं की शेजारची मावशी लगेच गप्प करते: असं बोलू नये गं, विश्वास ठेव. स्तोत्र १३ च्या पहिल्या दोनच वचनांत हा प्रश्न चार वेळा येतो. अशा घरी गेलात तर ते स्तोत्र सुरुवातीपासून सावकाश वाचा, शेवटच्या दोन आनंदाच्या वचनांवर उडी मारू नका.